मदत हवी आहे: सुप्याच्या दंग्यावरचं प्रदर्शन आणि 'फायदे-तोटे'चा फलक

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीनंतर एक छोटं प्रदर्शन भरवायचं घाटतंय. गाव बारामती तालुक्यातलं, सुप्याच्या शेजारचं. विषय, इंग्रजी अमदानीत आपल्या भागाचं काय झालं, आणि त्यात १८७५ चा सुप्याचा सावकारांविरुद्धचा दंगा. बघायला येणार शाळेची पोरं आणि बाजाराला आलेली माणसं. मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि घोडं शेवटच्या फलकावर अडलंय. विश्वस्तांना तिथे दोन रकाने हवेत: डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. एका विश्वस्तांचं म्हणणं, लुटारूंचे कसले फायदे, डावा रकाना काढून टाका. दुसऱ्या बाई म्हणतात, इंग्रज नसते आले तर आमच्या घरात पाटी आली नसती, तो रकाना आधी भरा. दोन बैठका यातच गेल्या (चहा मात्र उत्तम होता).

माझी अडचण निराळी आहे. वाचत गेलो तसं कुठलीच गोष्ट एका रकान्यात राहीना. जमीन मोजणीच घ्या. १८३० च्या आसपास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने ठरवलेला शेतसारा इतका चढा होता की इंदापूरकडची रानं ओस पडली. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातूनच नवी मोजणी सुरू केली. शेताला नंबर, हद्दीला दगड, जमिनीची प्रत ठरवून आकार (म्हणजे साऱ्याची रक्कम), आणि तो तीस वर्षं वाढणार नाही अशी हमी. सारा भरतोय तोवर रयतेला कुणी उठवणार नाही. पड जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. हे डावीकडे टाकायला कुणाची हरकत नसावी.

पण नावावर झालेली जमीन गहाण टाकता येते. सावकाराला आता पिकापेक्षा जमीन दिसू लागली, आणि ती मिळवून द्यायला दिवाणी कोर्ट होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिथला कापूस येईना म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले. नेमकी त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत सरली आणि फेरपाहणीत सारा कुठे ५० तर कुठे १०० टक्क्यांनी चढला. १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, सुप्यात लोक सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांना हवे होते कर्जाचे रोखे आणि हिशोबाच्या वह्या. त्या बाहेर काढून जाळल्या. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं.

आता सांगा, मोजणी कुठल्या रकान्यात? तीच गत रेल्वेची होणार असं वाटतंय. रकाने मोडून काढावेत का, आणि काढले तर सातवीतल्या पोराला कळेल अशी दुसरी मांडणी कोणती? दंग्यानंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी आलेल्या १८७९ च्या कायद्याबद्दल नेमकं कुणी सांगेल का?

घाटमाथा:

रकाने मोडाच. रेल्वेबद्दल माझ्याकडून थोडं.

पुण्याहून सोलापूरपर्यंतचा मार्ग १८६० मध्ये पुरा झाला आणि बोरघाट १८६३ मध्ये जोडला गेला. म्हणजे १८७६-७८ च्या दुष्काळात तुमच्या भागाच्या उशाशी आगगाडी होती. धान्य आलंही तिच्यातून. पण सरकारने भावाला हात लावायचा नाही असं ठरवलेलं, आणि ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्यासाठी स्टेशनावर पोत्यांची थप्पी असून नसल्यासारखी. हिंदुस्थानातून गहू परदेशी जाणंही चालूच राहिलं. तेव्हा 'रेल्वेने दुष्काळ हटवला' हे वाक्य फलकावर नको, आणि 'रेल्वेने दुष्काळ आणला' हेही नको.

पोरांना सांगायचं तर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट सांगा. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, फार थोडी माणसं दगावली. त्याबद्दल शाबासकी मिळायच्या ऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्यालाच दख्खन आणि मद्रासला धाडलं. या खेपेला त्याने दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेने त्यांची बाजू लावून धरली. दक्षिणेत मिळून बळींचे अंदाज ५० लाखांच्या पुढे जातात. अधिकारी तोच, दोन्हीकडे माणसं उपाशीच. फरक पडला तो खर्चाबद्दल वरून आलेल्या हुकमाने. फलकाला हे एक उदाहरण पुरे आहे.

निवृत्त तलाठी:

१८७९ च्या कायद्याविषयी. त्याआधी १८५९ चा मुदतीचा कायदा लक्षात घ्या. रोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बुडाला, असा तो नियम. हेतू कुळाला, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला, वाचवण्याचा. सावकाराने काय केलं, दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं. कुळ अंगठा देई. कोर्ट फक्त कागद बघे.

१८७९ च्या कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली, कर्जापायी कुळाला कैद करणं थांबवलं आणि दस्त गावच्या निबंधकापुढे करायला लावले. सावकारही वस्ताद, त्यांनी गहाणाच्या ऐवजी खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली. सारा मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेरच. दंग्याच्या चौकशी आयोगाच्या निष्कर्षातही मुख्य दोष सावकारावर गेला, सरकारी मागणी सुटली. माझ्या मते फलकावर हे ठळक यावं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावचा जुना आकारबंद (प्रत्येक शेताचं क्षेत्र आणि आकार यांची नोंद) मिळतो का बघा. जमिनींच्या एकत्रीकरणात नवे गट नंबर पडले असतील तर जुन्या सर्व्हे नंबरांशी मेळ घालून घ्या. आपल्याच शेताचा आकार लिहिलेला कागद दिसला की माणसं थांबून वाचतात.

पुरंदरची लेक:

त्या बाईंचं म्हणणं उडवून लावू नका, दादा. शाळा आणि पलटण या दोन वाटा ज्यांना पूर्वी बंद होत्या त्यांना त्या उघडल्या, हे खरं आहे. पण तिथेही नुसतं 'इंग्रजांनी दिलं' म्हणू नका. जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली ती स्वतःच्या हिमतीवर. सरकारने १८५२ मध्ये त्यांचा सत्कार केला, आणि १८८२ मध्ये शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे त्याच जोतीरावांनी सरकारला सुनावलं की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. लष्कराचं तसंच. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद केली, कारण ते म्हणे 'लढाऊ' नव्हेत. महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांना ती पुन्हा सुरू करा म्हणून १९१० मध्ये अर्ज करावा लागला.

आमच्या बाजूचा उमाजी नाईकही विसरू नका. रामोशांची गड आणि गाव राखायची कामं गेली, त्यातून त्याचं इंग्रजांविरुद्धचं बंड उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्याला फाशी दिली. तुमच्या मोजणीच्या आधीची गोष्ट आहे ही, त्या फलकाच्या वर जागा करा.

धागाकर्ता:

तिघांचे मनापासून आभार. रकाने रद्द. आता असं ठरवतोय: फलकावर चार गोष्टी (मोजणी, कोर्ट, रेल्वे, शाळा) आणि प्रत्येकीखाली दोनच ओळी, कुणाच्या हाती काय आलं आणि कुणाच्या हातून काय गेलं. नीरा डाव्या कालव्याची पाचवी गोष्ट घालावी म्हणतोय. कालवा १८८५ च्या सुमाराचा. बारामतीकडे ऊस आला, सुपे जिरायतच राहिलं. यावर गावात वाद हमखास होणार, पण होऊ दे.

तलाठी काका, आकारबंदाच्या अर्जात जुने सर्व्हे नंबर माहीत नसले तर गट नंबर टाकून भागेल का? आणि दंग्याच्या काळातल्या सावकारी रोख्याची नक्कल किंवा फोटो कुणाकडे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. नावं झाकूनच लावू, त्या घराण्यांतली माणसं अजून बाजारपेठेत आहेत.