आर्नसाइड-सिल्व्हरडेलला (वायव्य इंग्लंड) लहान मुलं आणि सासूसासरे घेऊन कुठे चालायचं?

गोंधळलेली_आई
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या हाफ टर्मला (शाळेची मधली सुट्टी) दोन रात्री आर्नसाइडला राहणार आहोत. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा (प्रॅम आहे, त्यात तो बसेलच असं नाही) आणि भारतातून आलेले सासूसासरे. सासऱ्यांना रोज पाचेक किलोमीटर चालल्याशिवाय चैन पडत नाही आणि सासूबाईंचा गुडघा दुखतो, चढापेक्षा उताराला जास्त. गाडी नाही, ट्रेनने येतोय. नकाशा उघडला तर नुसतं पायवाटांचं जाळं, कुठून सुरुवात करायची तेच कळेना. एका ठिकाणी लाइमस्टोन पेव्हमेंट असं वाचलं आणि मला वाटलं चला फुटपाथ आहे म्हणजे प्रॅमची सोय झाली, तेव्हापासून नवरा हसतोय आणि का हसतोय ते सांगत नाहीये. कोणी मुलांना घेऊन गेलंय का?

खडकवेडा
😂 नवऱ्याला म्हणावं हसू नको, आम्हीपण पहिल्यांदा प्रॅम घेऊनच गेलो होतो. पेव्हमेंट म्हणजे चुनखडीचा उघडा सपाट कातळ. हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली, मग हजारो वर्षं पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी खडकातल्या फटींमधून झिरपत राहिलं आणि त्या फटी विरघळून रुंद झाल्या. मधे उरलेल्या लाद्यांना क्लिंट म्हणतात, फटींना ग्राइक. काही फटींत माझा अख्खा हात खांद्यापर्यंत जातो. आत ओलावा आणि सावली असल्यामुळे नेचे उगवतात, मुलीला टॉर्च देऊन आत बघायला लावा, अर्धा तास निवांत जातो. फक्त किल्ल्या, फोन वगैरे बॅगेत चेन लावून ठेवा. आमच्या मुलाने त्याचा बूट एका फटीत टाकला (पडला नाही, टाकला!) आणि तो काढायला काठीला शूलेस बांधून चाळीस मिनिटं खटपट केली, बायको वरून सूचना देत होती.

सगळ्यात भारी पेव्हमेंट गेट बॅरोजला आहे, १९७७ पासून नॅशनल नेचर रिझर्व्ह. पण ऑक्टोबरात पाऊस पडून गेला असेल तर दीड वर्षाच्या मुलाला घेऊन त्यावर जाऊ नका, ओली चुनखडी साबणासारखी घसरते, आणि पाय फटीत गेला की घोटा गेलाच समजा. कडेकडेने जंगलातून खुणा केलेल्या वाटा आहेत तिथून फिरा, मुलीचा हात धरून एखाद्या लादीवर उभं राहिलात तरी पुरे. आणि हो, दगड उचलून आणायचा नाही. पूर्वी लोक बागेत रचायला हे कातळ फोडून न्यायचे, म्हणून १९८१ च्या कायद्याने आता संरक्षण आहे.

तुमच्या चारही प्रकारच्या वॉकर्सना एकत्र चालेल अशी जागा म्हणजे लेटन मॉस. सिल्व्हरडेल स्टेशनवर उतरलं की चालत काही मिनिटांवर, आणि आर्नसाइडहून सिल्व्हरडेल हे पुढचंच स्टेशन. आरएसपीबी या पक्षी-संरक्षण संस्थेचं रिझर्व्ह आहे, वायव्य इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं बोरूचं बन. लिलियन्स हाइड (हाइड म्हणजे लपून पक्षी बघायची खोली) सेंटरच्या अगदी जवळ आहे, प्रॅम जाते, सासूबाईंना आत बसून पक्षी बघता येतील. ऑक्टोबरात सकाळी कॉजवेच्या वाटेवर बिअर्डेड टिट नावाचे मिशीवाले छोटे पक्षी तिथे ठेवलेल्या ट्रेमधले बारीक खडे खायला येतात. उन्हाळ्यात किडे खाणारा हा पक्षी थंडीत बियांवर जगतो, त्या दळायला पोटात खडे लागतात. मुलीला हे सांगा, घरी जाईपर्यंत तेच बोलेल.

भरतीचं_घड्याळ
वरच्या दादांनी खडकाचं छान सांगितलं, पण भरतीचा विषयच नाही काढला म्हणून लिहितोय. मोरकंब बे, म्हणजे इथला उपसागर, दिसतो शांत, ओहोटीला मैलोन् मैल वाळू, मुलं धावत सुटतात. मोठ्या भरतीला इथे पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं आणि ते समोरून लाटेने येतं असं नाही, आधी मागच्या खळग्यांतून भरतं, म्हणजे कळेपर्यंत तुम्ही बेटावर. शिवाय रुतणारी वाळू जागा बदलते, काल जिथून गेलो तिथून आज जाता येईलच असं नाही. म्हणूनच १५४८ पासून इथे वाळूवरून लोकांना पलीकडे न्यायला अधिकृत वाटाड्या नेमलेला असतो, सेड्रिक रॉबिन्सन यांनी १९६३ ते २०१९ हे काम केलं. तेव्हा आपण आपलं किनाऱ्यालगत राहायचं.

आर्नसाइडला भरतीच्या आधी सायरन वाजतो. मोठी भरती असेल त्या दिवशी वेळ बघून प्रोमनाडवर बाकावर बसा, नदीच्या मुखातून पाण्याची एक आडवी रेघ वर चढत येते, तोच टायडल बोअर. कधी पुसट कधी चांगला, गॅरंटी नाही. मागे १८५७ चा रेल्वे पूल. चालायचं शून्य, सगळे खूश.

जेनी ब्राउन्स पॉइंटला जाणार असाल (जुनी दगडी चिमणी आहे) तर तिथली खारजमिनीवरची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते, टाइम टेबल बघूनच जा. आणि जवळच्या जॅक स्काउटला कडे फार उंच नाहीत पण कठडा नाही, मुलांना मोकळं सोडू नका.

नॉटवाली
मला जरा वेगळं सांगायचंय. लेटन मॉस छानच आहे पण सासऱ्यांसाठी? ते दहा मिनिटांत हाइडमधून बाहेर येतील. त्यांना आणि मुलीला आर्नसाइड नॉटवर पाठवा, उंची फक्त १५९ मीटर, सहा वर्षांचं मूल आरामात चढतं आणि वरून एकीकडे अख्खा बे आणि दुसरीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर. गावातून चढ सलग आहे, म्हणून सासूबाईंना नाही. जुलै-ऑगस्टला आलात तर फुलपाखरांसाठी पुन्हा चढा.

फेअरी स्टेप्सचं पण कोणी बोललं नाही! कातळाच्या चिंचोळ्या फटीतून दगडी पायऱ्या. बाजूच्या भिंतींना हात न लावता चढलात तर पऱ्या इच्छा पूर्ण करतात म्हणे. मोठ्या माणसांना जमत नाही, पोट मधे येतं. पूर्वी आर्नसाइडची प्रेतं याच वाटेने बीथमच्या चर्चपर्यंत न्यायचे, हे मुलीला सांगायचं की नाही तुम्ही ठरवा, माझ्या मुलीला ते पऱ्यांपेक्षा जास्त आवडलं.

खडकवेडा
@नॉटवाली फेअरी स्टेप्स ऑक्टोबरात नको हो, पानं पडून पायऱ्या चिकट झालेल्या असतात. त्यापेक्षा ईव्ह्ज वूडमधला पेपरपॉट, राणी व्हिक्टोरियाच्या १८८७ च्या ज्युबिलीचं स्मारक आहे, खरंच मिरपुडीच्या डबीसारखं दिसतं. सिल्व्हरडेल गाव मात्र स्टेशनपासून मैलभर लांब आहे हे धरून चला, आम्ही नाव वाचून फसलो होतो.

नॉटवाली
कोरड्या दिवशी जायचं म्हणतेय मी. पण बरं, पेपरपॉटला माझा विरोध नाही.

गोंधळलेली_आई
किती छान उत्तरं, थँक्यू! आता असं ठरतंय की पहिल्या दिवशी सकाळी सगळे लेटन मॉस, संध्याकाळी बाकावर बसून बोअर. दुसऱ्या दिवशी सासरे आणि मुलगी नॉटवर, आणि मी प्रॅम आणि सासूबाई... आमचं काय करायचं तेवढ्या वेळात? मुलीला फॉसिल पण हवेत, शाळेत शिकवलेत.

भरतीचं_घड्याळ
ताई तुम्ही ट्रेनने पूल ओलांडून ग्रेंज-ओव्हर-सँड्सला जा, काही मिनिटांचंच आहे, डाव्या बाजूला बसा म्हणजे मोकळा बे दिसेल. स्टेशनला लागूनच सपाट प्रोमनाड, गाड्या नाहीत, बाकं आहेत. समुद्र बघायला मिळेल असं मात्र आईंना सांगू नका, पुढे सगळं गवत माजलंय, मेंढ्या चरतात. फॉसिल इथल्या खडकातच आहेत, तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातले प्रवाळ आणि शिंपले. भिंतींचे दगड बघत चालायला सांगा, हातोडी नको. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर येत असाल तर नॉटवाल्यांना दुपारी लवकर सोडा.