बंद काचेआड बाहेरचं काय ऐकू येतं? तुमचे अनुभव सांगा

शोरूममध्ये गाडी दाखवणारा हल्ली मायलेजच्या आधी दार लावून दाखवतो. "बघा मॅडम, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!" घेणाऱ्यालाही तेच हवं असतं. समोरची काच दुहेरी, मध्ये प्लॅस्टिकचा थर, दारांच्या पोटात फोम, वर एसीचा पंखा आणि गाणी. मग मागून येणारी रुग्णवाहिका, घाटातल्या वळणापलीकडचा ट्रक, फाटकाजवळ आलेली रेल्वे यांचा पत्ता लागायचा कसा?

ह्युंदाईने २०१९ साली सोलमधल्या एका कर्णबधिर टॅक्सीचालकाची गाडी यासाठी खास तयार केली होती. बाहेर हॉर्न वाजतोय की सायरन हे गाडीच ओळखायची, समोर त्याचं चित्र उमटायचं, स्टिअरिंग थरथरायचं आणि त्यावरचे रंगीत दिवे लागायचे. अमेरिकेतल्या वेमोच्या बिनचालक टॅक्सींना बाहेरून मायक्रोफोन लावलेले आहेत, त्यांना सायरन कळतो. जर्मनीत ओल्डेनबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेत तर ऐकू शकणारी गाडी बनवण्यावरच काम चाललंय. ते सगळं आपल्या बजेटात येईल तेव्हा येईल. तोवर तुम्ही काय करता ते लिहा. चालवणाऱ्यांनी लिहाच, पण काचेच्या बाहेर असणाऱ्यांनीही लिहा.

रुग्णवाहिका चालक, ठाणे

मी बाहेरचा, म्हणून आधी लिहितो. सायरन चालू असताना माझी नजर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आत असते. आतल्या आरशात त्या माणसाचे डोळे दिसले की समजायचं, याला कळलं. नुसती मान हलत असेल तर ती गाण्यावर हलतेय. कळल्यावर माणूस दोनपैकी एक करतो. डावीकडे घेतो, नाहीतर आहे तिथेच करकचून ब्रेक मारतो. घोडबंदर रोडला दुसरा प्रकार जास्त. दचकलेल्या माणसाचा पाय आधी ब्रेकवरच जातो, त्याला काय बोलणार.

एकच सूर लावून ठेवला तर लोकांचे कान सरावतात. म्हणून चौक जवळ आला की लांब सूर बंद करून तुटक लावतो. तरी हलला नाही तर डिप्पर. मग माइक. माइकवर "साइड द्या, साइड द्या" ओरडून उपयोग नाही, प्रत्येकाला वाटतं शेजारच्याला सांगतोय. "लाल गाडी, डावीकडे घ्या" म्हटलं की लाल गाडी हलते. बंद काचेतून आपल्यालाच हाक मारली हे कसं कळतं देव जाणे. बहुतेक बाजूचा रिक्षावाला हात करत असावा.

दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मुद्दाम अडवणारे मला फार कमी भेटले. ऐकूच जात नाही हो त्यांना. मागे बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना हे पटत नाही, ते पार आई-बापापर्यंत जातात.

साउंड इंजिनिअर, कोल्हापूर

दादा, तुमच्या म्हणण्याला हिशेब जोडतो. धरू की सायरन ३ मीटरवर १२० डेसिबल आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे शंभरेक मीटरवर उरले ९०. त्यातले २५-३० बंद काचा खातात. आत पोचले साठ-पासष्ट. गाणी आणि एसी मिळून आतच सत्तर असतील तर संपला विषय. चौकात आडवी येणारी रुग्णवाहिका ताशी ६० ने येत असेल तर शेवटचे ५० मीटर ३ सेकंदांत कापते. ऐकून, समजून, बघून, पाय हलवायला तेवढेच.

पण आवाज कमी होणं हा अर्धा भाग झाला, माझ्या मते छोटा अर्धा. मोठी अडचण दिशेची. दोन्ही कानांवर आवाज पोचण्यात जो बारीक फरक असतो त्यावरून आपल्याला बाजू कळते. गाडीत तोच सायरन चारही काचांतून, दारांच्या फटींतून, फरशीतून आत येतो आणि आपटत फिरतो. आवाज येतो, बाजू कळत नाही. म्हणून लोक सायरन ऐकून समोर बघतात, आणि गाडी असते मागे.

खर्ज मात्र पत्र्यातून आणि काचेतून सहज आत शिरतो. मिरवणुकीतला डीजे बंद गाडीत नुसता छातीत धडधडतो, गाणं कोणतं ते कळत नाही, ते यामुळेच. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २००७ च्या सुमारास नेहमीच्या सायरनला जोडून खर्जातला दुसरा सायरन वापरून बघायला सुरुवात केली. तो सीटमध्ये जाणवतो. तिथल्या रहिवाशांची झोप उडाली हा भाग वेगळा.

अंधेरी, रोज दोन तास गाडीत

मी उलट बाजू मांडते. मला अर्धशिशी आहे. शांतता मिळावी म्हणूनच मी ही गाडी घेतली आणि मला त्याची अजिबात लाज नाही. मुंबईत बाहेर ऐकण्यासारखं आहे काय? सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागचा हॉर्न वाजतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद केलं, कोणी वाजवायचं थांबलं का? मुंबई पोलिसांनी सिग्नलला डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं होतं, आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. २०२० मध्ये तो व्हिडिओ सगळ्यांनी आनंदाने फॉरवर्ड केला आणि हॉर्न वाजवतच घरी गेले. आधी बाहेरच्यांनी आवाजाला किंमत ठेवावी, मग मी काच खाली करते.

आणि सायरनचं म्हणाल तर गडकरींनी २०२१ मध्ये नाशिकला बोलून दाखवलेली कल्पना मला आवडते. कर्कश सायरनऐवजी आकाशवाणीच्या धूनसारखं काहीतरी, हॉर्नलाही बासरी-तबल्याचा आवाज.

साउंड इंजिनिअर, कोल्हापूर

ताई, हॉर्नचं पूर्ण पटलं. धूनचं नाही. गाडीत आधीच गाणी चालू असतात, त्यात आणखी एक सुरेल चाल आली तर मेंदू ती गाण्यातच जमा करणार. सायरनचा सूर सारखा चढता-उतरता आणि नकोसा असतो म्हणूनच तो वेगळा ऐकू येतो.

गाड्यांचं डॅम्पिंग (आतला आवाज-थरथर कमी करणं) करतो, पुणे

आमच्या धंद्यावर सगळे घसरणार म्हणून लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, दार लावल्यावर 'धप्' असा भारी आवाज आला पाहिजे. आम्ही दाराचं पॅड काढतो, आतला पत्रा पुसून कोरडा करतो, ब्यूटाइल रबराची शीट चिकटवतो आणि रोलरने दाबतो. हवेचा एक फुगा राहिला तरी उन्हाळ्यात शीट सुटते. यामुळे पत्र्याची थरथर आणि टायरची घरघर कमी होते. हॉर्न-सायरन मुख्यतः काचेतून येतो, त्याला शीट फार काही करत नाही. उलट, पूर्वी टायरच्या आवाजावर मात करायला गाणी २० वर ठेवावी लागायची, आता १० वर भागतं. फक्त गिऱ्हाइकाने ती १० वर आणली पाहिजेत! आणत नाहीत. "आता क्लिअर वाजतंय" म्हणून पंचवीसवर नेतात.

मी प्रत्येकाला एक गोष्ट सांगतो. दारांना पावसाचे व्हायझर लावून घ्या. दोन बोटं काच खाली ठेवली तरी पाणी आत येत नाही. शहरात चौक आला की चालकाच्या बाजूची काच तेवढी उतरवायची. हायवेला नुसती मागची एकच काच उघडलीत तर कानात दडे बसतील असं धपधप होतं, मग लोक वैतागून सगळंच बंद करतात. पुढची आणि तिच्या तिरक्या कोपऱ्यातली मागची, अशा दोन थोड्या उघडा, धपधप जाते.

कर्णबधिर, नागपूर

मला लहानपणापासून ऐकू येत नाही. गाडी चालवते, लायसन्स आहे. पूर्वी आमचा अर्जच घेत नसत. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की चाचणी पास होत असेल तर ऐकू न येण्यावरून अडवू नका, २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही तसं कळवलं. तरी आरटीओच्या खिडकीवरचा माणूस विचारतोच, "हॉर्न कसा ऐकणार?" माझ्या मागे जी रांग उभी होती त्यातले किती जण काच उघडी ठेवून चालवतात, असं विचारायचं मनात आलं होतं.

तुम्ही ज्याला अडचण म्हणताय ते माझं रोजचं आहे. मी आतल्या आरशावर रुंद आरसा चढवलाय, बाहेरच्या दोन्ही आरशांवर कोपऱ्यात छोटे गोल बहिर्वक्र आरसे चिकटवलेत. समोर, मधला, उजवा, समोर, डावा, असा नजरेचा फेरा थांबत नाही. दुसरं म्हणजे मी बाकीच्या गाड्या वाचते. पुढच्या तीन-चार गाड्या एकदम डावीकडे सरकल्या की मागून काहीतरी येतंय. सिग्नल हिरवा असून समोरचा निघत नसेल तर आडवं कोणी येतंय. पानटपरीवरची माणसं एका दिशेला मान वळवून उभी असतील तर मीही तिकडे बघते. सायरन पोचायच्या आधी माणसांच्या माना पोचतात.

फोनमध्ये आवाज ओळखण्याची सोय २०२० पासून आहे, आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्येही. मनगटावरचं घड्याळ थरथरतं. हॉर्नची सूचना चालू ठेवली तेव्हा सीताबर्डीत घड्याळ थरथरायचं थांबेचना, बॅटरी संपली. आता फक्त सायरनची ठेवली आहे. तीही चुकते, आणि धोक्याच्या प्रसंगी यावर विसंबू नका असं अॅपलनेच लिहिलंय. मी तिला आरशानंतरची मानते.

एसटी चालक, पोलादपूर

आमच्या गाडीत सगळंच ऐकू येतं, खिडक्यासुद्धा वाजतात. आंबेनळी घाटात छोट्या गाड्या काचा लावून येतात, मी वळणाआधी दोनदा हॉर्न देतो, समोरून उत्तर नाही. मग कळतं की समोरून गाडी आहे, नुसतं उत्तर नाही. रात्री दिव्याचा उजेड वळणावर आधी पडतो म्हणून सोपं. दिवसा हॉर्न, आणि पावसाळ्यात धुक्यात फक्त हॉर्न. घाटात एसी बंद, काच खाली, भिजलात तरी चालेल. दरडीचे बारके दगड आधी टपटपतात, तेही ऐकायला हवेत.

श्टुटगार्ट

इथे जर्मनीत गाड्या आणखी बंदिस्त आणि ऑटोबानवर, म्हणजे महामार्गावर, वेग जास्त, त्यामुळे ऐकण्यावर सोडलेलंच नाही. वाहतूक रांगत चालू लागली की सायरन असो-नसो, सर्वात डावी रांग डावीकडे आणि बाकी सगळ्या उजवीकडे सरकतात, मधून वाट तयार. ती नाही केली तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. शिवाय आपली नजर आणि कान गाडीतल्या माणसांमुळे, सामानामुळे किंवा यंत्रांमुळे अडू न देणं ही चालकाची जबाबदारी, असं नियमातच आहे. गाणी लावायला बंदी नाही, सायरन ऐकू आला नाही ही सबब मात्र चालत नाही. आम्ही नवीन आलो तेव्हा वाटायचं मागून कोणी येत नसताना हे कशाला सरकतायत. सगळीकडे ही शिस्त असते असंही नाही, बांधकाम चालू असलेल्या अरुंद पट्ट्यात इथेही बोंबच असते.

स्कूल बस चालवतो, न्यू जर्सी

निवृत्तीनंतरचा उद्योग. रेल्वे फाटक आलं की रुळांपासून १५ ते ५० फुटांच्या आत बस उभी करायची, फाटक उघडं असलं तरी. मुलांना गप्प करायचं, डॅशवरचं एक बटण दाबलं की पंखे, हीटर, रेडिओ सगळं एकदम बंद. मग माझी खिडकी आणि बसचं दार उघडून ऐकायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच पुढे. जानेवारीत बर्फाचा वारा आत येतो, मुलं ओरडतात, तरी सुटका नाही. तसं एक बटण प्रत्येक कारला का नसावं, असा माझा साधा प्रश्न आहे. एका दाबात गाणी, पंखा बंद आणि काच चार बोटं खाली.

सायकलवाली, पुणे

माझी घंटी कोणाला ऐकू येत नाही हे मी धरूनच चालते. थांबलेल्या गाडीच्या शेजारून जाताना आरशात चालकाचा चेहरा दिसतोय का बघते. दिसला नाही तर मागेच थांबते. फारच अंगावर आला तर पत्र्यावर थाप. ती बरोब्बर ऐकू जाते, लगेच काच खाली येते आणि माझा उद्धार होतो.

अंधेरी, रोज दोन तास गाडीत

बस काकांचं बटण मला चालेल. ठाण्याच्या दादांना एक विचारायचंय. सिग्नल लाल आहे, मी सगळ्यात पुढे आहे, मागे तुम्ही. मी नेमकं काय करू? पुढे गेले तर कॅमेरा दंड लावतो.

रुग्णवाहिका चालक, ठाणे

सिग्नल तोडून मध्ये घुसू नका ताई, आडव्या गाडीने ठोकलं तर मला दोन पेशंट. जागेवरच जेवढं डावीकडे आणि तिरकं घेता येईल तेवढं घ्या, एक रुग्णवाहिका मावेल एवढी फट पुरते. आणि डावा इंडिकेटर लावा. तुम्हाला कळलंय हे त्याने मला कळतं. मग मी माइकवर तुमच्या मागे लागत नाही, दुसऱ्याच्या लागतो.