अडनिड्या वयातले मुलगे: तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल लेकाचं डोकं माळ्याच्या कडेला आपटलं. दिवाळीत खालून आरामात जायचा. फुंकर घालायला गेले तर मागे सरकला. एकदम धाकटा भाऊ आठवला, १९९१ चा. नुकता आवाज फुटलेला, पाहुणे आले की गच्चीत जाऊन बसायचा. आम्ही बहिणी हसायचो. त्याला कुणी जवळ घेतलं नाही हे आता टोचतं.
अशा मुलासाठी इंग्रजीत जुना शब्द आहे, हॉबलडीहॉय. १५४० पासून लिखाणात सापडतो, व्युत्पत्तीवर अजून एकमत नाही. तुमच्या घरचे सांगा.

पाऊसवेडी
आमच्याकडे पंखा! टीशर्ट काढताना हात वर. तीन टाके.

कोकणकडा
थॉमस टसर म्हणून शेतकरी कवी होता. १५७३ च्या पद्यात त्याने आयुष्याचे सात-सात वर्षांचे टप्पे पाडलेत. १४ ते २१ म्हणजे 'सर हॉबर्ड द हॉय', त्याला दाबात ठेवा म्हणतो. मला नाही पटत. आमचे वडील त्याच मताचे. सोळाव्या वर्षी पंगतीत माझ्या हातून आमटी सांडली, सगळ्यांदेखत बोलले. पन्नाशी आली, अजून कुणाच्या लग्नात वाढायला उठत नाही.

चिंचगूळ
कोकणकडा, वाचून वाईट वाटलं हो.
सासूबाई नातवाला 'टोणगा' म्हणतात. प्रेमानेच, पण त्याचा चेहरा उतरतो. 'अडनिडं वय' म्हटलं तर दोष वयाचा होतो, पोराचा नाही.

ओसरी
अँथनी ट्रोलप या इंग्रज लेखकाची १८६४ ची कादंबरी वाचा, द स्मॉल हाउस ॲट ॲलिंग्टन. त्यातला जॉनी इम्स असाच, लंडनला प्राप्तिकर कचेरीत कारकून. ट्रोलप स्वतः १९ व्या वर्षी पोस्टात कारकून लागला होता, म्हणूनच इतक्या मायेने लिहितो. म्हणतो, लवकर पिकलेलं फळ सर्वांत गोड नसतं, टिकतही नाही. मला अढीतला आंबाच आठवला. माझा मुलगा १७ चा, चार माणसांत तोंड उघडत नाही. ते पान दोनदा वाचलं.

पाऊसवेडी
अढीवरून आठवलं, शहरात पेंढा कुठे मिळतो? पेटी आलीये, सगळे हिरवे.

रानजाई
ओसरी, आजच मागवते.
पाऊसवेडी, वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेव. आमच्याकडे लेकच रोज उकरून बघतो.