दाढ धडधडत नाही
थ्रॉब, पल्सेट, पॅल्पिटेट या तिन्ही इंग्रजी क्रियापदांना मराठीत 'धडधडणे' चालेल असं एकांनी म्हटलंय, ते काही पटलं नाही. दाढ धडधडते का? ती ठणकते, गळू ठसठसतं. तिथे इंग्रजीत थ्रॉबच. पॅल्पिटेट मात्र खरीच धडधड, छातीतली आणि नकोशी. गंमत म्हणजे तो शब्द 'हलकेच हात फिरवणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय. पल्स म्हणजे नाडी, लॅटिन 'पुल्सुस'वरून. (डाळींचा पल्स वेगळा, तो लापशीवाचक 'पुल्स'वरून!) पल्सेटला आपलं 'स्पंद पावणे' चपखल. १९६७ साली खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार (नियमित स्पंदनं पाठवणारा तारा) दर १.३४ सेकंदांनी ठोका देतो. त्याला ठणकणारा तारा म्हणून बघा बरं!