आयतालेख की स्तंभालेख?

एका अहवालाचं भाषांतर तपासते आहे. उभ्या पट्ट्या दिसल्या की भाषांतरकाराने सरसकट ‘स्तंभालेख’ लिहिलंय, हिस्टोग्रामलासुद्धा. दिसायला दोन्ही सारखेच, मग वेगळा शब्द कशाला, असं त्याचं म्हणणं. शिवाय ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ दोन्हींसाठी ‘सरासरी’!

— हिस्टोग्रामला ‘आयतालेख’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकातलाच शब्द आहे. रक्तगटांप्रमाणे माणसं मोजली तर स्तंभालेख काढायचा. स्तंभ सुटे असतात, त्यांची जागा अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. वयोगट घेतले तर आडव्या अक्षावर सलग वर्ग येतात, म्हणून आयत एकमेकांना चिकटून.

पण खरी मेख क्षेत्रफळात आहे: आयतालेखात संख्या आयताच्या क्षेत्रफळातून दिसते. समजा ०–१० वर्गाची वारंवारता (त्या वर्गात किती नोंदी) ६, १०–२० ची ९ आणि २०–४० ची १२. शेवटचा वर्ग दुप्पट रुंद. त्याची उंची १२ काढली तर डोळ्यांना ढळढळीत फसवणूक होते. वारंवारतेला वर्गाच्या रुंदीने भागायचं, म्हणजे उंची ०.६, ०.९, ०.६. पहिला आणि शेवटचा सारख्याच उंचीचे! स्तंभालेखात ही भानगडच नसते, तिथे फक्त उंची बघायची.

आणि स्तंभालेख बराच जुना. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये तो छापला, हिस्टोग्राम हे नाव कार्ल पिअर्सनने १८९०च्या दशकात रूढ केलं.

— ‘सरासरी’बद्दल. ३, ३, ५, ६, ३३ घ्या. मध्य (बेरीज भागिले संख्या) १०, मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) ५, बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा) ३. आता ३३ च्या जागी १३३ करा: मध्य एकदम ३०, बाकी दोघे ढिम्म हलत नाहीत. म्हणून उत्पन्नाच्या आकड्यांत मध्यक देतात. त्याला ‘सरासरी’ म्हटलं की वाचणारा बेरीज-भागाकारच समजणार. ‘मध्य’ला सरासरी म्हणायला माझी हरकत नाही, उलट मध्य-मध्यक शेजारी आले की नजर चुकतेच.

— आभार, दोन्ही दुरुस्त करते. जाता जाता, डेटाला ‘विदा’ की ‘सामग्री’? त्याने ‘आकडेवारी’ केलंय.

— शाळेच्या पुस्तकांत ‘सामग्री’, हल्ली ‘विदा’ही बराच दिसतो. कुठलाही घ्या, पण अहवालभर तोच ठेवा. ‘आकडेवारी’ मात्र जपून. रक्तगटांच्या नोंदी म्हणजे काही आकडे नव्हेत.