नाइट लॅचची जीभ बाहेरून सरकवण्याचा प्रयत्न झाला आहे. कुलूप बदलावे की आणखी काही?

नौपाडाकर

आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या चार मजली इमारतीत राहतो. गणपतीसाठी चिपळूणला गेलो होतो आणि आठ दिवसांनी परतलो तेव्हा मुख्य दाराच्या पल्ल्यावर, लॅचच्या उंचीला, सनमायका खरवडलेला दिसला आणि चौकटीच्या बाहेरच्या कडेची एक ढलपी निघालेली होती. दार उघडले गेले नव्हते, कारण निघताना आईच्या आग्रहावरून अल्ड्रॉपलाही, म्हणजे बाहेरच्या आडव्या कडीलाही, कुलूप घातले होते. मात्र एरवी भाजी आणायला किंवा मुलीला क्लासला सोडायला जाताना आम्ही नुसते दार ओढून घेतो आणि खट् असा आवाज आला की घर बंद झाले असे मानतो. दार आत उघडते, त्याला सेफ्टी डोअर नाही. लॅच दहा-बारा वर्षांचे आहे. इमारत पुनर्विकासाला जाण्याची चर्चा असल्यामुळे नवीन दार करण्याचा खर्च नको वाटतो. नेमके काय बदलले तर उपयोग होईल?

कळव्याचा हार्डवेअरवाला

सर्वप्रथम, काहीही दुरुस्त करण्याआधी खुणांचे फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा. रंधा फिरला की पुरावा संपला.

आता मुद्द्याचे. लॅचची जीभ एका बाजूने उतरती असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते, म्हणूनच दार ओढले की ती आपोआप आत दबून पुन्हा बाहेर येते. जी जीभ चौकटीच्या दाबाने मागे जाते, ती दुसऱ्या कशाच्याही दाबाने मागे जाऊ शकते. म्हणून नुसते ओढलेले दार हे लोटलेले दार आहे, कुलूप लावलेले नव्हे. बऱ्याच लॅचमध्ये बाहेरून किल्लीचा फेरा दिला की जीभ आणखी पुढे येते आणि जागच्या जागी अडकते, मग ती ढकलून मागे जात नाही. तुमच्या लॅचमध्ये ही सोय आहे का, हे दार उघडे ठेवून पाहा: किल्ली फिरवा आणि अंगठ्याने जीभ दाबा. ती दबली नाही तर तुमचे निम्मे काम एका पैशाच्या खर्चाशिवाय झाले, फक्त खाली जाताना किल्ली फिरवण्याची सवय लावावी लागेल.

उरलेले निम्मे काम चौकटीत आहे, आणि माझ्या अनुभवात लोक नेमके तिकडेच पाहत नाहीत. आपल्याकडे जुलैमध्ये दार फुगते, घासू लागते, सुतार येऊन पल्ल्याची कड रंधून जातो आणि सगळे खूश होतात. पुढे हवा कोरडी झाली की तेच लाकूड आक्रसते आणि पल्ला व चौकट यांच्यात पाच-सहा मिलिमीटरची फट पडते. असे दोन-तीन पावसाळे गेले की पंधरा मिलिमीटर जिभेपैकी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर चौकटीवरच्या घरात, म्हणजे जीभ जिथे अडकते त्या धातूच्या खोबणीत, शिरते. दारावर एक दणका बसला की एवढी पकड सुटू शकते. म्हणून फट मोजा. ती तीन मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त असेल तर पल्ल्याच्या कडेला सागाची पट्टी ठोकून घ्या आणि चौकटीवरचे घर पुढे सरकवून बसवा.

त्या घराचे स्क्रूही काढून पाहा. बहुतेक ठिकाणी लॅचसोबत आलेले अर्ध्या-पाऊण इंचाचे स्क्रू निघतात. परदेशी व्हिडिओंत तीन इंची स्क्रू मारायला सांगतात, कारण तिकडच्या भिंतीत चौकटीमागे लाकडी खांब असतो. आपल्याकडे चौकटीमागे वीट असते आणि तिच्यात लाकडाचा स्क्रू पकड घेत नाही. दीड-दोन इंची स्क्रू चौकटीच्या लाकडात घट्ट बसले तरी पुरेसे आहे. चौकटच हलत असेल, म्हणजे हाताने ढकलल्यावर प्लास्टरपाशी भेग उघडत असेल, तर तिच्यातून आरपार फास्टनर, म्हणजे विटेत फुगून घट्ट बसणारा बोल्ट, घालून घ्या. ढलपी निघाली आहे तिथे, चौकटीच्या खाचेच्या कडेवर, बाहेरून लोखंडी पट्टी बसवावी, म्हणजे फटीत काही घालता येणार नाही.

खारघर डोंगरपायथा

मी उलट सुचवतो: सरळ डिजिटल लॉक घ्या. दार बंद झाल्यावर बोल्ट आपोआप बाहेर येतो आणि विसरण्याचा प्रश्नच राहत नाही.

तरीही स्वतःची चूक सांगणे भाग आहे. आमच्याकडे बसवणाऱ्या माणसाने, जीभ जिच्यात शिरते त्या चौकटीवरच्या पट्टीचे भोक गरजेपेक्षा मोठे कापले होते. या कुलपांत मोठ्या जिभेशेजारी एक छोटी खुंटी असते. दार बंद असताना ती पट्टीवर दाबलेली राहिली तरच मोठी जीभ अडकून राहते. आमच्या भोकात जीभ आणि खुंटी दोन्ही पडत होत्या, त्यामुळे इतके महाग कुलूप साध्या लॅचसारखेच वागत होते. त्यात मी आपोआप लागण्याची सोय मुलांच्या ये-जा करण्यामुळे बंद ठेवली होती. दार उघडे असताना खुंटी बोटाने दाबून धरून जीभ ढकलून पाहिली तर ती हलली नाही, म्हणजे कुलूप ठीक होते. बिघाड पट्टीत होता. पट्टी बदलल्यावर सगळे सुरळीत झाले.

कळव्याचा हार्डवेअरवाला

खारघरकरांचा खुंटीचा मुद्दा अगदी योग्य आहे. परंतु ज्या पल्ल्याची कड दर पावसाळ्यानंतर रंधली जाते, त्यात मोठे खोबण कोरून डिजिटल कुलूप बसवणे मला पटत नाही. जुन्या फ्लश डोअरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लाय लावलेल्या सपाट दारात, कुलपापाशी भरीव लाकूड किती आहे हे आधी ठोकून पाहावे लागते. त्यापेक्षा लॅचच्या फूटभर खाली किल्लीनेच सरकणारा, स्प्रिंग नसलेला चौकोनी बोल्ट असलेले वेगळे कुलूप लावले तर कमी खर्चात जास्त पकड मिळते.

वाशीतील माजी सेक्रेटरी

दुसरे कुलूप अवश्य लावा, पण ते आतून किल्लीशिवाय, नुसत्या मुठीने उघडणारे असावे, एवढा एकच आग्रह आहे. आमच्या सोसायटीत एका कुटुंबाने दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे कुलूप बसवले होते, आणि मीटरबॉक्समधून धूर आला तेव्हा घरातल्या आजोबांना किल्ली सापडेपर्यंत आम्ही सगळे जिन्यात श्वास रोखून उभे होतो. आई घरी असताना बाहेरून अल्ड्रॉपला कुलूप घालून जाणे हेही तितकेच वाईट आहे. वृत्तपत्रांत ‘कडी-कोयंडा तोडून घरफोडी’ हे शब्द इतक्यांदा येतात की अल्ड्रॉपवर फार विसंबू नये हे वेगळे सांगायला नको. शिवाय लटकणारे कुलूप घरात कोणी नाही याची जाहिरात करते.

सेफ्टी डोअर करणार असाल तर ते सहसा बाहेर उघडते, त्यामुळे त्याच्या बिजागऱ्या बाहेर येतात. पिन ठोकून काढता येणार नाही अशा बिजागऱ्या मागा, आणि जाळीतून हात घालून आतली कडी गाठता येणार नाही याची कडीपाशी पत्रा लावून खात्री करा.

नौपाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. फट वर सहा आणि लॅचपाशी साडेपाच मिलिमीटर निघाली, आणि घराच्या चार स्क्रूंपैकी एक तर हातानेच फिरत होता. आमच्या लॅचची जीभ किल्लीच्या फेऱ्याने अडकते, हे इतक्या वर्षांत घरात कोणालाच माहीत नव्हते. काल सुताराने सागाची पट्टी आणि बाहेरची लोखंडी पट्टी बसवली. खालचे कुलूप रविवारी बसेल. ते आतून मुठीने उघडणारे आहे, आणि आईने दुकानातच दोनदा फिरवून पाहिले. सेफ्टी डोअर मात्र पुनर्विकासाचे नक्की काय ते कळेपर्यंत थांबवले आहे.