पेकन खावे की शेवच बरी?

बी-३०४ वहिनी: नमस्कार मंडळी. धाकटे भाऊजी अटलांटाहून आलेत. यंदा चॉकलेटांऐवजी पेकनची दोन मोठी पाकिटं आणलीत. दिसायला अक्रोडासारखे, पण लांबट आणि गुळगुळीत. घरात कोणी हात लावत नाहीये, सासूबाई तर म्हणाल्या "हे बदाम भाजून करपलेत का?" कोणी खाल्लेत? करायचं काय यांचं? कोजागिरीच्या दुधात घालू का?

ए-१०२ काका: 🙏 फॉरवर्डेड 🙏 रोज सकाळी उपाशीपोटी सात पेकन. शुगर मुळापासून बरी. गुडघे तिशीतल्यासारखे. हृदयाचे ब्लॉकेज आपोआप मोकळे. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. दहा जणांना पाठवा.

सेक्रेटरी: काका, फॉरवर्ड नको असं मागच्याच मीटिंगमध्ये ठरलंय.

ए-१०२ काका: अहो, आरोग्याचं आहे म्हणून टाकलं. राजकारण थोडंच आहे.

सी-२०१ डाएटिशियन ताई: काका, तसं होत नाही म्हणून डॉक्टर सांगत नाहीत. सात दाण्यांनी ब्लॉकेज निघाले असते तर अँजिओप्लास्टी करायला कोण गेलं असतं? आणि तुमच्या शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना? कृपा करून त्या बंद करू नका. ओपीडी संपली की नीट लिहिते.

ए-४०१ आजी: वहिनी, आमच्याकडे चार पाठव. पाहू तरी.

बी-२०४ दादा: प्रोटीन किती असतं यात? जिमवाला म्हणाला ड्रायफ्रूट वाढव.

डी-३०२ सियागंजवाले: भिया, प्रोटीनसाठी पेकन घेऊ नको, खिसा रिकामा होईल. आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात काजूपेक्षा कितीतरी महाग आहे. आधी तर कोणी ठेवतच नव्हतं. बाहेरून येणाऱ्या पेकनवर १०० टक्के ड्यूटी होती, २०२३ च्या बजेटमध्ये ती ३० टक्के झाली. तेव्हापासून दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समध्ये हळूहळू दिसायला लागला. माल मुख्यतः अमेरिकेचा. हिमाचलकडेही होतो, पण थोडा.

बी-३०४ वहिनी: मग भाऊजींनी आणलेला ताजाच असेल ना? तिकडचाच आहे.

डी-३०२ सियागंजवाले: तेच सांगणार होतो. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात पेकनची झाडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. नवा माल आत्ता कुठे झाडावरून उतरत असेल. म्हणजे तुमच्या पाकिटात गेल्या हंगामातला आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त नीट ठेवलेला पाहिजे. एक दाणा तोडून बघा. आतला भाग मलईसारखा फिका हवा, साल सोनेरी-तपकिरी. साल फार काळपट असेल आणि वासाला नवीन ऑइलपेंट लावलेल्या खोलीसारखं वाटलं तर खवट झाला समजा. बुरशी दिसली तर निवडत बसू नका, टाकून द्या.

बी-३०४ वहिनी: तोडला. आत फिका आहे, वास पण छान, थोडा लोण्यासारखा. 😋 आणि कडू नाही! अक्रोडाची साल जिभेला कशी धरते, तसं काही नाही.

डी-३०२ सियागंजवाले: मग आजच फ्रिजमध्ये टाका, घट्ट झाकणाच्या डब्यात. कांदा-लसणाशेजारी नको, वास ओढतो. ओट्यावरच्या बरणीत ठेवाल तर आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात लवकर वाया जाईल. फ्रीझरमध्ये वर्षभर आरामात राहतो.

सी-२०१ डाएटिशियन ताई: हं, आले. आता नीट सांगते, लांब होईल.

१०० ग्रॅम पेकनमध्ये सुमारे ६९० कॅलरी असतात आणि त्यातलं ७२ ग्रॅम नुसतं स्निग्ध. काजू, बदाम, अक्रोड सगळ्यांच्या वर. घाबरू नका, यातलं बरंचसं ऑलिक आम्ल आहे, जे ऑलिव्हच्या आणि आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही असतं. वनस्पती तुपासारखं नाही. तंतू जवळपास साडेनऊ ग्रॅम, मँगनीज आणि जस्त भरपूर, साखर फार कमी. शुगरवाल्यांना चालतं ते एवढ्यासाठी. चालतं म्हणजे बरं करतं असं नाही, काका.

दादा, तुझं प्रोटीन १०० ग्रॅमला फक्त ९. शेंगदाण्यात २५ च्या वर. मूठभर भाजलेले दाणे आणि फुटाणे खा, उरलेल्या पैशांत बूट घे.

बी-२०४ दादा: 😂 ओके ताई.

ए-१०२ काका: पण हृदयाला चांगलं हे तर खरं ना? अमेरिकेत संशोधन झालंय म्हणतात.

सी-२०१ डाएटिशियन ताई: झालंय. जॉर्जिया विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास आहे. ५२ माणसांचे गट केले, पेकनवाल्या गटांना ८ आठवडे रोज ६८ ग्रॅम दिले. वाईट कोलेस्टेरॉल ६ ते ९ टक्के उतरलं. पण पैसा पेकनवाल्यांच्याच मंडळाचा होता. म्हणून निकाल खोटा ठरत नाही, तरी वाचताना एवढं ध्यानात ठेवावं. आणि ६८ ग्रॅम म्हणजे सुमारे ४७० कॅलरी, आपले पाच-सहा फुलके. ते रोजच्या जेवणावर वरून खाल्ले तर कोलेस्टेरॉलच्या आधी पँट बोलेल.

मला त्याहून कामाचा वाटतो तो पेन स्टेट विद्यापीठाचा २०२५ चा अभ्यास. १३८ जण, १२ आठवडे. निम्म्यांना सांगितलं की मधल्या वेळचं जे काही चरता त्याच्या जागी रोज ५७ ग्रॅम पेकन खा. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं, एकूण खाणंही सुधारलं. रक्तवाहिन्यांच्या कामात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे "ब्लॉकेज मोकळे"वाल्या मेसेजचा तिथेच निकाल लागला.

आता आपल्या इंदूरचं बघा. सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरणात शेव, चहाबरोबर शेव, आणि रात्री सराफ्यातून खाऊन आलात तरी घरी डब्यात हात शेवेच्याच. त्या शेवेच्या जागी पेकन आला तर फायदा आहे. शेव खाऊन झाल्यावर "हृदयासाठी" म्हणून आठ पेकन तोंडात टाकले तर नाही. माझं म्हणणं एवढंच.

ए-१०२ काका: शेव सोडायची?? 😳

सेक्रेटरी: ताई, या मुद्द्यावर एजीएम बोलवावी लागेल.

सी-१०४ काका: मला तर अक्रोडच श्रेष्ठ वाटतो. ओमेगा-३ अक्रोडातच. उगाच परदेशी कौतुक.

सी-२०१ डाएटिशियन ताई: ओमेगा-३ चं बरोबर आहे काका. १०० ग्रॅमला अक्रोडात ९ ग्रॅमच्या आसपास, पेकनमध्ये जेमतेम १. दोघं एकाच कुळातले, तरी गुण वेगळे. त्यासाठी पेकन घेऊच नये. आणि अक्रोडही नको असेल तर जवसाची चटणी आहे, आपल्या आया-आज्या करतच होत्या.

डी-१०३ शेतकी कॉलेजवाले काका: अक्रोड-पेकन वादावर एक गंमत सांगतो. टेक्सासचे एक गव्हर्नर होते, जेम्स हॉग. १९०६ मध्ये वारले. थडग्यावर दगड नको म्हणाले, उशाशी पेकन लावा आणि पायथ्याशी अक्रोड, फळं सामान्य लोकांना वाटा. पुढे १९१९ मध्ये टेक्सासनं पेकनला राज्यवृक्ष केलं. अक्रोड पायाशी, सी-१०४ नी नोंद घ्यावी.

सी-१०४ काका: 😄 टेक्सासच्या गव्हर्नरला काश्मीरचा कागदी अक्रोड कोण देणार होतं?

बी-२०४ दादा: काका, आपल्या बागेत लावता येईल का पेकन? वर्षाला एवढे पैसे वाचतील.

डी-१०३ शेतकी कॉलेजवाले काका: बाळा, विसर. पहिली गोष्ट, त्याला थंडी लागते. चार दिवस मालव्यात हुडहुडी भरली म्हणजे झालं असं नाही, हिवाळाभर झाड गाढ झोपलं पाहिजे. म्हणून हिमाचलात जमतं, इथे नाही. दुसरी, एका झाडावर भागत नाही. त्याच झाडावर नर तुरे आणि मादी फुलं असतात, पण बहुधा एकाच वेळी उमलत नाहीत, म्हणून जोडीला वेगळ्या जातीचं झाड लागतं. तिसरी, फळ धरायला बरीच वर्षं, आणि धरलं तरी एक वर्ष लदालद, पुढच्या वर्षी कमी. चौथी, झाड शंभर फुटांवर जातं. पार्किंगचं काय करणार?

एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि टेक्सासच्या नदीकाठी ही झाडं रानटीच होती. तिथले मूळ रहिवासी फळ वेचून हिवाळ्याला साठवत. बी लावलं की प्रत्येक झाडाचं फळ वेगळं, कुठे जाड कवच, कुठे बारीक गर. १८४६ च्या सुमारास लुईझियानातल्या एका मळ्यावर अँटवान नावाच्या गुलाम माळ्यानं चांगल्या झाडाची कलमं यशस्वी बांधली. त्या जातीला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस मिळालं. माळ्याचं आडनावसुद्धा कुठे नोंदलेलं नाही. आज एकसारखे दाणे पाकिटात येतात त्याच्या मुळाशी त्याचा चाकू आहे. कॉलेजात कलमं शिकवताना मी हे मुलांना आवर्जून सांगायचो.

ए-४०१ आजी: 🎤 (व्हॉइस मेसेज, नातीनं लिहून टाकलाय) "वहिनी, दाणे मिळाले गं. माझ्या कवळीला बदाम भिजवल्याशिवाय जमत नाही, हा तसाच तुटला. गोडूस आहे. लाडवात छान जाईल. पण मिक्सरमध्ये नुसता फिरवू नकोस, मी दोन दाणे फिरवून पाहिले, लगेच तेल सुटून लगदा झाला. आधी कढईत कोरडाच, मंद आचेवर, तूप न घालता भाजायचा, त्याचं त्याला पुरतं. खमंग वास आला की लगेच ताटात पसरायचा, कढईत ठेवला तर करपतो. पूर्ण गार झाला की सुरीनं जाडसर चिरायचा. खारकेची पूड, तळलेला डिंक आणि खोबरं यांत मिसळायचा, गुळाचा पाक नेहमीसारखा. संक्रांतीला चिक्की पण होईल, पण पाक गोळीबंद हवा, नाहीतर दाताला चिकटेल."

बी-३०४ वहिनी: आजी, भाऊजी म्हणतायत न्यू ऑर्लिन्सला साखरेच्या पाकातल्या पेकनच्या वड्या मिळतात, प्रालीन म्हणतात त्याला. म्हणजे तुमची चिक्की तिकडे आधीच पोचलीय!

सी-३०१ काकू: उपवासाला चालेल का हो?

ए-४०१ आजी: अक्रोड चालतो तर हा का नाही?

सी-१०४ काका: शास्त्रात उल्लेख नाही.

सी-३०१ काकू: शास्त्रात साबुदाणा आणि बटाट्याचा तरी कुठे आहे? मी खाणार.

सी-४०२ ताई: एक विनंती, जरा गंभीर आहे. माझ्या लेकाला अक्रोडाची ॲलर्जी आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे. कोजागिरीच्या दुधात पेकन पडणार असेल तर आधी सांगा प्लीज.

सी-२०१ डाएटिशियन ताई: बरं झालं बोललात. अक्रोडाची ॲलर्जी असलेल्याला पेकनचीही असण्याची शक्यता फार मोठी असते, प्रथिनं जवळजवळ सारखीच. त्याला अजिबात देऊ नका, चाखायलाही नको. आणि अख्खा दाणा चार वर्षांखालच्या कोणत्याच मुलाला नको, घशात अडकतो. कुटून चालेल. किडनीचा त्रास असलेल्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून मगच.

बी-३०४ वहिनी: अरे बापरे. मग दुधात नकोच. मी मसाला वेगळा करून आणते.

सेक्रेटरी: ठरलं तर. कोजागिरी, गच्चीवर, रात्री साडेआठ. दूध एकाच पातेल्यात, त्यात बदाम, पिस्ता, केशर, वेलची. बदाम किंवा पिस्त्याचं कोणाला वावडं असेल तर मला आजच वैयक्तिक मेसेज करा. पेकन दुसऱ्या टेबलावर, झाकलेल्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. त्या डब्यातला चमचा दुधाच्या पातेल्यात जाणार नाही याची जबाबदारी बी-३०४ आणि सी-४०२ यांची. मुलांना डब्याजवळ फिरकू देऊ नये.

सी-४०२ ताई: धन्यवाद. 🙏 मी टेबलापाशीच बसेन.

डी-३०२ सियागंजवाले: दिवाळीसाठी कोणाला घ्यायचा असेल तर नव्या मालासाठी थांबा, आत्ता घाई करू नका. नवा आला की इथे टाकतो. अर्धा किलोच्या खाली भाव नीट लागत नाही, दोन-तीन घरांनी मिळून घ्या.

सी-३०१ काकू: माझं पाव किलो.

ए-४०१ आजी: माझं पण पाव. डिंक घरात आहे.

बी-२०४ दादा: मी शेंगदाणेच घेतो.

ए-१०२ काका: माझं पाव किलो लिहा. आणि सोबत लवंगाची शेव पण एक किलो, पाहुणे येणार आहेत.

सी-२०१ डाएटिशियन ताई: काका!!